घेऊन जा गा

मोबाइल खाली ठेव रे पियूष. खालून उजेड पडला की तुझं तोंड असं दिसतं, की गोष्ट मी सांगायची की तू, तेच कळत नाही. हां, आता बरं. रितिका, तू भिंतीला पाठ लावून बसलीस ते शहाणपणाचं केलंस.

ही गोष्ट आपल्या विश्वनाथची. दिघोरीचा विश्वनाथ तितरमारे, माझा साडभाऊ. तुमच्या आजीची धाकटी बहीण शामला, तिचा नवरा. पिकअप चालवतो; कोणाचं धान, कोणाची संत्री, कोणाचं लग्नाचं सामान. थापा मारायला डोकं लागतं आणि ते त्याच्याकडे बेताचंच आहे, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. मी तीस वर्षं मराठीचा मास्तर होतो, तेव्हा गोष्ट जरा पुस्तकासारखी सांगेन. पण त्यातली माणसं बोलली तशीच बोलतील. त्यांच्या बोलण्यात मी लाल पेन चालवणार नाही.

दोन हजार बावीसचा पोळा. शुक्रवार होता. विश्वनाथ कुहीच्या पुढच्या एका गावी गेला होता, तो एका लाकडी बैलासाठी. गावाचं नाव विचारू नका, गाव जागेवर आहे आणि माणसंही. त्याची नात गुंजन तेव्हा पाच वर्षांची. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं आपापले नंदी सजवून नेणार, आणि हिच्या नंदीचा पुढचा पाय तुटलेला. नवा आणतो म्हटलं तर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. तिला तोच पाहिजे. तो घडवला होता धोंडबा सुतारानं, म्हणून नंदीला गाडीच्या मागच्या उघड्या डाल्यात घालून स्वारी धोंडबाच्या दारात हजर.

धोंडबा ऐंशीच्या पुढचा. तो म्हणाला, "आज पोळा हाय गा विश्वनाथ. पोळा फुटेपर्यंत हत्याराले हात नाही लावत मी." मग काय, पोळा फुटला, तोरण तुटून बैल सुटले, घरोघरी ओवाळून झाले, पुरणपोळ्या झाल्या, तोवर पाऊस लागला. पाय बसवता बसवता रात्र झाली. विश्वनाथ तिथंच ओसरीत आडवा झाला आणि कोंबडं आरवायच्या आधी निघाला. गुंजन उठायच्या आत नंदी दारात उभा करायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

आता इथं जरा थांबून सांगावं लागेल, कारण पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे मारबत काढतात, आणि मारबत म्हटलं की तुम्हाला नागपूरच्या इतवारी-महालातली मिरवणूक आठवते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडग्यांचे पुतळे, ढोल आणि हातात कुल्फी. खेड्यात तसं नसतं. पोळ्याच्या रात्री दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. पहाटे, अंधार असतानाच, गावची माणसं त्या फांद्या, झिजलेले झाडू, फुटकी सुपं, कोणी चिंध्यांची बाई केली असेल तर ती, सगळं ओढत शिवेवर नेतात. घरातला खोकला, खरूज, ताप, सगळं तिच्या अंगावर घालायचं आणि ओरडायचं, "घेऊन जा गेऽऽ मारबत!" मग पेटवायचं आणि परत फिरायचं. फिरल्यावर मागं पाहायचं नाही. आणि शिवेबाहेर टाकलेलं पुन्हा आत आणायचं नाही. एवढी रीत पाळली की वर्षभर घर सुखी, असं लोक मानतात.

विश्वनाथ शिवेपाशी पोचला तर रस्ता माणसांनी भरलेला. त्यानं इंजिन बंद केलं आणि बसला बघत. अमावास्या. पाऊस थांबलेला. चार-दोन टॉर्च हलत होते. पळसाच्या फांद्यांचा ढीग साचला होता आणि ढिगाच्या कडेला आधीच एक मारबत पडलेली होती. काळी, माणसाएवढी, चादरीत गुंडाळलेली.

एका पोरानं तिच्यावर टॉर्च मारला. "कोनं बनवली गा हे? काय झ्याक बनवली! जित्या बाईवानी."

"वरल्या मोहल्ल्याच्या पोट्ट्यायनं केली असंन," दुसरा म्हणाला.

हसले सगळे. आपापल्या फांद्या तिच्यावर टाकल्या. डिझेल शिंपडलं, काडी लावली. पळस ओला, जाळ कमी आणि धूरच जास्त. मग शेवटचं एकदा सगळे मिळून ओरडले आणि गावाकडे वळले. मागं कोणी पाहिलं नाही. वाईट लोक नव्हते ते, पोरांनो. रीत पाळत होते.

रस्ता मोकळा झाला. विश्वनाथनं किल्ली फिरवली. तेवढ्यात डाव्या खिडकीशी कोणीतरी म्हणालं,

"घेऊन जा गा…"

बाईचा आवाज. घोगरा.

नीट ऐकलंत का? "गे" नाही. "गा". मारबतीला "गे" म्हणतात, कारण ती बाई. "गा" म्हणतात आपल्याकडे पुरुषाला. मात्रा गेली आणि काना आला, एवढाच फरक. पण त्या रस्त्यावर त्या वेळी पुरुष एकच उरला होता.

त्याला वाटलं, कोणी म्हातारी नागपूरला यायचं म्हणून उभी असेल. खिडकीतून वाकून म्हणाला, "कोन हाय वं माय? बसाचं हाय का?"

कोणी नव्हतं.

"घेऊन जा गा…"

आता ढिगाकडून.

तो उतरला. मोबाइलचा उजेड केला. धूर. ओली पानं. पानांत एक काळं तोंड, त्यावर कसला तरी लेप वाळलेला. त्या तोंडाचे डोळे उघडे होते.

…मिटले.

…पुन्हा उघडले.

चादरीचं टोक जळत होतं.

विश्वनाथ हातांनीच फांद्या ओढायला लागला. ओरडला, "अरे थांबा! मानूस हाय हे! जिती हाय!" लोक फार लांब गेले नव्हते. टॉर्च दिसत होते. पण मारबत टाकून परत जाताना मागून हाक आली, तर गावचा माणूस काय करेल? टॉर्च जोरजोरात हलायला लागले. ते पळत होते.

त्यानं एकट्यानं तिला उचललं. नंदीवर पांघरलेलं घोंगडं तिच्याखाली टाकलं, नंदीच्या शेजारी डाल्यात निजवलं आणि गाडी हाणली. वळणावर एकदा आरशात पाहिलं. ढिगाजवळ कोणीतरी उभं होतं, एक हात वर करून. चला, एक तरी माणूस परत फिरला, असं त्याला वाटलं. थांबायला वेळ नव्हता.

मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, जळीत वॉर्डात. तिचं नाव पंचफुला, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. स्वयंपाक करताना गॅसच्या नळीनं पेट घेतला होता. तो अपघातच होता. पुढचं मात्र अपघात नव्हतं. सासरच्यांनी आधी एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं सांगितलं, वाचेल, पण महिनोन्महिने काढावे लागतील, ऑपरेशनांवर ऑपरेशनं लागतील. ते ऐकून त्यांनी तिला घरी आणलं, पाल्याचा लेप लावला, वाट पाहिली. ती मरेना. मग पोळ्याच्या रात्री शिवेवर नेऊन ठेवली. माहेरी कोणी उरलं नव्हतं, विचारणार कोण?

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला दिसली कशी अंधारात?"

"हाक मारली तिनं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "घसा आतून सुजलाय हिचा. आवाज निघणंच शक्य नाही. कितीतरी दिवस निघाला नसेल."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हिचे कोण?" तर हा बाबा म्हणाला, "भाऊ." तोंडातून शब्द गेला आणि गेला तो गेलाच. नंदी घरी पोचला दुपारी. गुंजननं त्याला हुंगलं आणि विचारलं, "याले जाळलं का, आबा?"

दिवाळी वॉर्डात गेली. मांडीची कातडी काढून छातीवर आणि मानेवर लावायची. काही धरायची, काही निसटायची, मग पुन्हा. पट्टी बदलायच्या दिवशी ती तोंड उघडून ओरडायची आणि आवाज यायचा नाही. मी एकदा भेटायला गेलो होतो. दारातूनच परत आलो, खोटं कशाला सांगू. विश्वनाथ मात्र दिवसा गाडी चालवायचा आणि संध्याकाळी तिच्या उशाशी बसायचा.

थंडीत तिला सोडलं. पण सोडलं म्हणजे काय? जळालेला माणूस वाचला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. जखम भरताना कातडी आखडते. पंचफुलाची हनुवटी छातीला चिकटली होती. खालचा ओठ ओढला गेलेला, तोंड मिटायचं नाही, लाळ गळायची. चालताना तिला फक्त स्वतःचे पाय दिसायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फेब्रुवारीत मानेचं ऑपरेशन करू, मान सुटेल. तोवर गळ्याला पट्टा, दिवसातून चारदा खोबरेल तेलानं मालीश, व्यायाम. त्यात खंड पडला तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात, आणि पुढं तिला गिळताही येणार नाही. ऑपरेशननंतरही काही वर्षं हेच चालणार. मग तिला ठेवायचं कुठं? दिघोरीच्या घरातली मागची खोली रिकामी केली.

शामला वाईट बाई नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही तिला नावं ठेवाल. पट्टा बांधायची ती. तेल लावायची ती. पेज भरवायची ती. पण तिला भीती वाटायची. शिवेवर टाकलेलं आपल्या घरात निजलंय, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

पौष लागला आणि आवाज सुरू झाला.

पहाटे. फाटकाबाहेर. "घेऊन जा गा…"

पंचफुलाचा घसा तोवर थोडा सुटला होता, घोगरं बोलायची. शामलाला वाटलं, हीच झोपेत बडबडते. एक दिवस दिवा घेऊन तिच्या खोलीत गेली. पंचफुला उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलेली. ओठ हलत नव्हते. शामला तिच्या तोंडाकडे बघत उभी… आणि आवाज बाहेरून आला. तिच्या हातातला दिवा विझला. वाऱ्यानं असेल.

"आबाजी, शेजाऱ्यांना पण ऐकू यायचं?"

शेजाऱ्यांचं मी विचारलं नाही रितिका. दूधवाला फाटकाशी यायचा बंद झाला, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध ठेवून जायचा, एवढं मला माहीत आहे.

त्यातच गुंजनला ताप आला. उतरेना. दवाखान्यात भरती केली, रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणाले. शामला दवाखान्यातून घरी आली, तिनं तोंड धुतलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"शिवंबाहेरचं घरात आनलं तुम्ही. ते आता मांगून राहिलं. आयकू नाही येत का तुम्हाले? घेऊन जा म्हनते. मंग घेऊन जा ना तिले! जठून आनलं तठी नेऊन ठेवा."

"तिचं ऑपरेशन हाय वं पुढच्या महिन्यात."

"अन् माही गुंजन?"

याचं उत्तर तुमच्याकडे असतं का? माझ्याकडे नाही. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला एका शब्दानं झालेली बहीण. शब्द म्हटलं तर परत घेता येतो.

पौषातली अमावास्या. शनिवार होता, संक्रांत नुकतीच झालेली. रात्री जेवणं झाल्यावर तो पंचफुलाला म्हणाला, "चाल वं बाई, जरा बाहेर जाऊन येऊ." कुठं, असं तिनं विचारलं नाही. तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि गाडीत बसली. ती बाटली विश्वनाथनं पाहिली. पण त्यानं गाडी काढली.

थंडी मरणाची. धुकं. उमरेड रोड सुटला, कुहीचा फाटा गेला. ती मान खाली घालून बसलेली. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

शीव आली. त्यानं गाडी थांबवली. दिवे बंद केले. उतरला, तिच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर वं."

ती उतरली. रडेल, पाया पडेल, असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. पिशवी छातीशी धरून तिनं सगळं अंग वळवलं, कारण मान वळत नव्हती. पाहिलं. आणि म्हणाली,

"बरं केलं भाऊ. मले वाटलंच होतं, तुम्ही तिले न्यायले येसान."

"…कोनाले?"

"मावशीले."

त्यानं दार तसंच धरून ठेवलं.

"मी इथी पडली होती ना, तवा तेच होती माह्यापाशी. रातभर. कुत्रे हाकले तिनं. पळसाचे पानं टाके माह्या आंगावर, गार वाटे. बोलाले मले येत नोतं. मंग तिनंच हाक मारली तुम्हाले." पंचफुला थांबली. तिला एवढं बोलल्यावर धाप लागायची. "तिचं बी माह्यावानीच हाय, भाऊ. लय जुनं. हाताचे बोटं बी चिपकले. तिले कोनं नेलंच नाही गा."

"…कुठी हाय ते?"

"हे काय. तुमच्या मांगं उभी हाय."

…

पियूष, मागं बघू नकोस. काही नाही तिथं. टाकी आहे पाण्याची.

…

विश्वनाथची पाठ शिवेकडे होती. एवढी थंडी. आणि पाठीला ऊब लागत होती. चुलीकडे पाठ करून बसल्यावर लागते तशी. वास आला. ओला पळस जळाल्याचा.

मानेमागं कोणीतरी श्वास घेतला. घ्यायला फार त्रास होत असावा, असा.

तो मला म्हणाला, "दाजी, पळून जाता येत होतं. गाडी समोरच होती. मांगं पाहाचंच काम नव्हतं." आणि मग त्याला ते टॉर्च आठवले. अंधारात जोरजोरात हलणारे. मागं न पाहता पळणारे.

त्यानं मागं पाहिलं.

काय पाहिलं, ते त्यानं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो उठून बाहेर गेला.

एवढंच सांगितलं, की तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला. डाल्याचं फळकं खाली पाडलं. हात जोडले. आणि म्हणाला,

"चुकलं माहं. बसा, मावशी."

…

गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे करकरले. मागची बाजू दबली. एका माणसाएवढी.

"खरंच दबली, आबाजी?"

तीस वर्षं धान्याची पोती भरतोय तो अशाच गाड्यांमध्ये रितिका. किती भार चढला, ते त्याला डोळे मिटून कळतं. फळकं लावलं, पंचफुलाला पुढं बसवलं आणि गाडी वळवली. येताना एकाही खड्ड्यात त्यानं गाडी आदळू दिली नाही.

घरी पोचला तेव्हा शामला फाटकात उभी. जागीच होती. तिनं पुढच्या सीटवर पंचफुलाला पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. राग होता की हायसं वाटलं, कोण जाणे.

विश्वनाथ म्हणाला, "त्या आवाजानं तिले परत नेऊन टाक, असं नव्हतं म्हटलं वं. मलेबी घेऊन जा, म्हने. दोघी आनल्या."

शामलानं डाल्यात पाहिलं. रिकामा डाला. खूप वेळ पाहिलं. मग आत गेली. बाहेर आली ती भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन. पंचफुलावरून तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. पुन्हा आत गेली. दुसरा तुकडा आणला. फळकं तिनंच उघडलं, आणि रिकाम्या जागेवरून तोही ओवाळला. हे सांगताना मला आजही भरून येतं. आपली माणसं भित्री असतात रे, पण एकदा पाहुणा म्हटला की म्हटला.

त्या पहाटेपासून आवाज बंद. गुंजनचा ताप दोन दिवसांनी उतरला, तो सलाइननं आणि डॉक्टरांच्या हुशारीनं. उगाच त्याचं श्रेय भुताला देऊ नका.

पुढं कधीतरी विश्वनाथनं धोंडबाला विचारलं. म्हाताऱ्यानं रंधा पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "होती गा एक. मी पोट्टा होतो. चुलीनं लुगडं पेटलं होतं तिचं. तिले बी तठीच नेऊन ठेवलं. हाका मारे. आम्ही मारबत टाकाले गेलो तवा बी मारल्या तिनं हाका. मी आयकल्या." तिचं नाव काय, विचारलं तर त्याला आठवलं नाही. गावात कोणालाच आठवलं नाही.

पंचफुलाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी तिनं मान वर केली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला काय दिसलं, तर वॉर्डातला पंखा. म्हणाली, "केवढी धूळ साचली वं त्याच्यावर." शामला हसता हसता रडली. त्यानंतर ओठाचं एक ऑपरेशन झालं, काखेचं झालं, अजून एक बाकी आहे. अजून दर काही महिन्यांनी दवाखाना, अजून कातडी दाबून ठेवणारा घट्ट शिवलेला अंगरखा, अजून तेल. ती मात्र आता शिलाई मशीनवर बसते आणि विश्वनाथला भाऊ म्हणून धाक दाखवते. राखी पौर्णिमेला मी पाहिलंय, त्याच्यापेक्षा तिचाच आवाज मोठा असतो.

आता राहिलं एवढंच. दोघींना आणलं त्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी शामला तेल कोमट करत होती, तेव्हा पंचफुला हळूच म्हणाली, "वहिनी, मावशीले कोन लावन?" शामलानं दुसरी वाटी भरली आणि मागच्या ओसरीत नेऊन ठेवली. सकाळी वाटी अर्धी झालेली होती. मी म्हटलं, मांजर असेल. शामला म्हणाली, "मांजर असंन तर असंन," आणि संध्याकाळी पुन्हा वाटी भरली. मग ओसरीच्या फरशीवर एक तेलकट हात उमटायला लागला. उजवा तळवा, अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकमेकांना चिकटून एक झालेली. पंचफुलाचे हात जळाले नव्हते. ती मशीनवर बटणं लावते. शामला रोज फरशी पुसायची आणि वाटी भरायची. एक दिवस चुकवला नाही तिनं, इतकी वर्षं झाली.

यंदाच्या पोळ्याला मी तिथं जेवायला गेलो होतो आणि रात्री राहिलो. पहाटे शामलानं मला उठवलं. हाताला धरून मागच्या ओसरीत नेलं. विश्वनाथ तिथं उकिडवा बसला होता. पंचफुला भिंतीला धरून उभी होती. फरशीवर हात उमटला होता, तेल अजून ओलं होतं. मी चष्मा लावून, वाकून पाहिलं.

अंगठा. तीन बोटं जोडलेली.

आणि करंगळी… सुटी.